अण्णा मास्तर कोणत्या देशाचे

आमच्या वस्तीत ज्याचं लग्न अण्णा मास्तरांच्या ट्रम्पेटशिवाय लागलं, त्याचं लग्न लोक अजून अर्धंच धरतात. माझ्या लग्नात ते होते, त्यामुळे मला बोलायची सोय आहे. उत्तर नागपुरात, जरीपटक्याच्या बाजारापासून हाकेच्या अंतरावर आमची वस्ती. छप्पन साली दीक्षा घेतलेली सगळी घरं. कोणी रेल्वेत, कोणी गिरणीत, कोणी विड्या वळायला. आणि या सगळ्या मेश्राम-गणवीर-रामटेक्यांच्या मधोमध एक फिलिपिन्सचा माणूस, शेवंताबाईचा नवरा. हा गृहस्थ तुमच्याकडे आला कसा, असं कोणी विचारलं तर एका वाक्यात सांगता येत नाही. मला ते कळायलाच सात अर्ज टाईप करावे लागले.

नाव अनाक्लेतो. आडनाव वस्तीत कोणालाच पेललं नाही, आणि पहिलं नाव जेवढं पेललं त्याचं अण्णा झालं. बँड चालवायचे म्हणून मास्तर. अंगाने लहानखुरे, डोळे बारीक, पासष्टी उलटली तरी केस काळेभोर आणि खोबरेल लावून असे चापून बसवलेले की माशी घसरावी. पांढरा शर्ट, तो शेवंताबाईनं कितीही छान धुतला तरी इस्त्री स्वतःच करायचे. माणसानं गरीब असावं पण चुरगळलेलं असू नये, असं त्यांचं मत होतं, आणि ते मत ते वस्तीतल्या प्रत्येक पोट्ट्याच्या सदऱ्याकडे पाहून ऐकवायचे.

बोलणं सगळं आमच्यासारखंच. मले, तुले, काहून, कायले. पण दोन गोष्टी त्यांच्या देशाच्या राहिल्या त्या राहिल्याच. एक म्हणजे 'हो' म्हणायचं तर तोंड उघडायचं नाही, फक्त भुवया वर न्यायच्या. आणि दिशा दाखवायची तर बोट नाही, ओठ पुढे काढायचे. आम्हाला सवय होती. पण एकदा बाजारात परगावच्या एका बाईनं त्यांना विहाराचा रस्ता विचारला. यांनी ओठांचा चंबू करून मान डावीकडे केली. बाईनं पिशवीतलं वांगं काढून त्यांच्या कपाळावर मारलं. अण्णा ते वांगं उचलून घरी घेऊन आले आणि शेवंताबाईनं त्याचं भरीत केलं. "रोज विचारत जा रस्ता कोणाले," ती म्हणाली, "भाजीचा खर्च वाचते."

स्वैपाकात त्यांची एकच करामत. उसाच्या रसाचा सिरका मातीच्या बरणीत घालून ठेवायचे आणि त्यात लसूण, मिरे टाकून कोंबडी शिजवायचे. त्यांच्या आईकडची रीत. इथं आल्यावर त्यात भिवापूरची मिरची आली. वास सुटला की आम्ही काहीतरी निमित्त काढून त्यांच्या दारात हजर. पहिला घास घेतला की कानातून धूर निघायचा आणि दुसरा घास आपोआप घेतला जायचा.

त्यांचा एक अभिमान मात्र फार मोठा होता. "मी आयुष्यात एकदा बी बेसूर वाजवलं नाही," असं ते ज्याला त्याला सांगायचे. आणि ते सांगत असताना डोमाजी मेश्राम जवळपास असले की मोठ्यानं खाकरायचे. डोमाजी रेल्वेतून निवृत्त झालेले फिटर, विहाराच्या समितीचे अध्यक्ष, आणि आवाज असा की लाऊडस्पीकर भाड्यानं आणायची गरज नसे. त्यांचं म्हणणं होतं की अण्णा एकदा बेसूर वाजले, आणि ते नेमके त्यांच्याच लग्नात. या एका सुरावरून दोघांचं तीस वर्षं वाकडं होतं. समोरासमोर आले की एकमेकांची विचारपूस तिसऱ्या माणसामार्फत करायचे. "त्याले सांग, माही तब्येत बरी आहे." असं सगळं.

आता माझं. मी त्या वेळी जरीपटक्याला लखूमलजी नावाच्या सिंधी गृहस्थांच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये होते. सकाळी पोरींना शिकवायचं, दुपारी लोकांचे अर्ज टाईप करायचे. अण्णा पहिल्यांदा आले तेव्हा हातात एक मळकी वही होती. त्या वहीत दर महिन्याला ठाण्याचा शिक्का घ्यावा लागायचा. चीनची लढाई झाली त्या वर्षी एक हवालदार वस्तीत आला, अण्णांचा चेहरा पाहिला आणि यांना चिनी म्हणून लिहून घेऊन गेला. शेवंताबाई मुसळ घेऊन ठाण्यात गेली आणि 'चिनी' खोडून आली, पण 'परदेशी' काही तिला खोडता आलं नाही. तेव्हापासून हा माणूस लग्नाच्या सुपारीला वर्ध्याला जायचा तरी ठाण्यात सांगून जायचा. आता त्यांना नागरिक व्हायचं होतं. म्हणून अर्ज.

मी कागद लावला. "जन्माच्या वेळचं नागरिकत्व?"

"लिव्ह, नागरिक नाही."

"बरं. म्हणजे परके?"

"परका बी नाही."

"अण्णा, रकाना एकच आहे. दोन्ही नाही कसं चालेल?"

"त्याले मी काय करू वं? त्यांनीच तसं ठेवलं होतं आमाले."

मग त्यांनी मला जे सांगितलं त्यात माझी दुपार गेली आणि लखूमलजींची दोन गिऱ्हाइकं परत गेली. अण्णा जन्मले तेव्हा त्यांच्या देशावर अमेरिकेचं राज्य. शाळेत मास्तर अमेरिकन, झेंडा अमेरिकन, प्रार्थना त्यांची, इतिहास त्यांचा. बर्फ कधी पाहिलं नव्हतं आणि बर्फावरची कविता पाठ. इमान सगळं अमेरिकेशी ठेवायचं, पण नागरिक म्हणून नाव लागायचं नाही. परके म्हणावं तर तेही नाही, कारण मुलूख त्यांचाच. सतरा वर्षांचे असताना अण्णा बोटीत बसून कॅलिफोर्नियाला गेले. पासपोर्ट लागला नाही. त्यांना वाटलं, आपण आपल्याच घरी चाललो आहोत.

तिथं शेतात कंबरेत वाकून पालेभाजी कापायची, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. मतदान नाही. जमीन घेता येत नाही. गोऱ्या बाईशी लग्न केलं तर ते लग्न कायद्यानं खोटं. हॉटेलच्या दाराला पाटी, फिलिपिनो माणसांनी आत येऊ नये. शनिवारी नाचाच्या हॉलमध्ये ट्रम्पेट वाजवायचे, तर मागच्या दारानं आत जायचं, मागच्या दारानं बाहेर.

"मी अमेरिकेचा होतो," ते म्हणाले, "अमेरिका माही नव्हती."

"मग?"

"मग कायदा आला. तुमच्या देशाले पुढं कधी स्वातंत्र्य देऊ म्हणे, पण तुम्ही आजपासून परके. सकाळी शेतात गेलो तेव्हा अमेरिकेचा होतो, संध्याकाळी आलो तं परका. तेच बूट, तेच पाय. वरून म्हणे, घरी जायचं तिकीट फुकट देतो. पण परत यायचं नाही." ते हसले. "फुकट देते म्हणजे काहीतरी घेते, एवढं तं मले तेव्हा बी समजत होतं. मी नाही घेतलं. जहाजावरच्या बँडमधी लागलो."

ते जहाज त्यांना कलकत्त्याला घेऊन आलं. तिथल्या हॉटेलांत वाजवलं, आणि तिथून रेल्वेच्या नाचगाण्यासाठी नागपूरला आले. त्या नाचांच्या पैशात भागेना, तेव्हा अण्णा लग्नाच्या बँडमध्ये शिरले. त्यांचा देश स्वतंत्र झाला तेव्हा हे नागपुरात कोणाच्या तरी वरातीत होते. तिथल्या यादीत नाव घालायला कोणी नव्हतं. पुढे पत्र पाठवलं तर उत्तर आलं, तुमच्या गावचं जन्माचं दप्तर लढाईत जळलं. म्हणजे तिकडे पुरावा नाही, इकडे परदेशी.

मी सगळं टाईप केलं. रकान्यात मावलं नाही म्हणून पुरवणी जोडली. अर्ज दोन महिन्यांनी परत आला. रकान्यात एकच देश लिहावा. दुसऱ्यांदा अमेरिका लिहिलं, तर अमेरिकेचा दाखला मागितला. तिसऱ्यांदा फिलिपिन्स लिहिलं, तर फिलिपिन्सचं नागरिकत्व सोडल्याचं पत्र मागितलं. जे कधी हाती आलंच नाही ते सोडायचं कसं? सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे आपण म्हणतो, अण्णांचं सात वर्षं चाललं. लखूमलजी एकदा मला म्हणाले, "बेटी, हम लोग सिंध से आए तो कैंप में एक दिन में नाम लिख लिया. ये बिचारा कौन से कैंप में जाएगा?"

शेवंताबाईला मी एकदा विचारलं की तुम्ही या माणसाशी लग्न केलं कसं, घरच्यांनी करू दिलं कसं. ती तंबाखू मळत होती. म्हणाली, "रेल्वेच्या बंगल्यात मी आया होती. बाहेर चहाची टपरी. आमचे कप वेगळे, खिळ्याले टांगलेले. हा आला. टपरीवाला याच्याकडं पाहूनच राहिला, याले कोणता कप द्यावं? जात तं दिसेच ना तोंडावर. यानं सरळ हात वर केला अन् खिळ्याचा कप घेतला. मी म्हटलं, बाबू, तो कप आमच्या लोकाईचा आहे. तं म्हणते कसा, तिकडं माहा बी वेगळाच होता." तिनं तंबाखू तोंडात टाकली. "घरी जाऊन बापाले सांगितलं, माणूस आपल्यातलाच आहे, फक्त लंबून आला."

चौऱ्याहत्तर साल असेल, नोटीस आली. तीन महिन्यांत कोणत्याही देशाचा पासपोर्ट दाखवावा, अन्यथा राहण्याची मुदत वाढवली जाणार नाही. अण्णांनी ती माझ्यासमोर ठेवली आणि ओठ पुढे काढून शेवटची ओळ दाखवली. मी वाचली. मुदत वाढली नाही तर या माणसाला पाठवणार कुठे? ज्या देशात त्याचं दप्तर जळलं तिथे, की ज्यानं फुकट तिकीट दिलं तिथे? मूलबाळ नाही, घरात ही दोघं. त्या दिवसापासून अण्णा तालमीला आले नाहीत. शेवंताबाई दारात बसून मिरच्या निवडायची आणि तिचं लक्ष मिरच्यांत नसायचं. मला त्या कचेरीचा असा संताप यायचा की टाईपरायटरच्या बटणांवर काढायचे. लखूमलजी म्हणायचे, मशीन का क्या कसूर.

अशात सव्वीस जानेवारी आली. आमच्या विहारात त्या दिवशी झेंडा लावायचा, घटनेच्या सुरुवातीची उद्देशिका सगळ्यांनी उभं राहून म्हणायची, पाहुण्यांचं भाषण आणि मग बुंदी. घटनेचं मराठी पुस्तक विहाराच्या कपाटात लाल कापडात ठेवलेलं असायचं. वाचायला दरवर्षी मीच, कारण माझे उच्चार स्वच्छ, असं डोमाजींचं मत. त्या वर्षी पाहुणे आलेच नाहीत. अर्धा तास गेला. पोट्टे बुंदीकडे सरकायला लागले.

डोमाजी गरजले, "वाचत राह पोरी. पाव्हणे येईस्तोवर पुढचं बी वाच. कधी वाचतंच नाही आपण पुढचं."

मी वाचत राहिले. देशाचं नाव, राज्यं, हद्दी. बायका आपसात बोलत होत्या. मग नागरिकत्वाचा भाग आला. ही घटना लागू झाली त्या वेळी, म्हणजे पन्नास सालच्या जानेवारीत, जो माणूस या देशात वस्ती करून होता, आणि त्याच्या आधीची निदान पाच वर्षं सलग इथे राहत होता, तो नागरिक. अशा अर्थाचं ते. मी पुढच्या ओळीवर गेलेही होते.

"थांब," डोमाजी म्हणाले. "ते परत वाच."

मी परत वाचलं. आता बायकाही ऐकायला लागल्या. डोमाजींनी बोटं मोजली, कपाळ चोळलं आणि सगळ्यांत मागे भिंतीला टेकून बसलेल्या अण्णांकडे वळून पाहिलं.

"अरे," ते म्हणाले, "हे तं त्या बेसुऱ्याबद्दल लिवलं आहे."

सगळी माणसं वळली. अण्णांनी मांडीवरचं ट्रम्पेट बाजूला ठेवलं. त्यांना काही समजलं नव्हतं. मी धावत जाऊन त्यांच्यासमोर बसले आणि तिसऱ्यांदा वाचलं, सावकाश. शेवंताबाई मध्येच म्हणाली, "म्हणजे इतके वर्ष भैताडासारखे शिक्के घेऊन राहिलो का आपण?" आणि ती हसत सुटली, इतकी की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. बुंदी त्या दिवशी भाषणाआधीच वाटली गेली. पाहुणे आले तेव्हा कढई रिकामी होती.

नवा अर्ज मी त्याच दुपारी टाईप केला. सातवा. कचेरीत नवे साहेब आले होते, देशकर नावाचे, चष्म्यावरून पाहणारे, माणूस सरळ पण कायद्याच्या रेघेवरून पाय न काढणारे. त्यांनी अर्ज वाचला, घटनेचं कलम काढून वाचलं आणि अण्णांना विचारलं, "पंचेचाळीसच्या जानेवारीच्या आधीपासून तुम्ही नागपुरात आहात?"

अण्णांनी भुवया वर केल्या.

"उत्तर द्या."

अण्णांनी आणखी वर केल्या.

"हे काय, प्रश्न विचारला तर माझ्याकडे डोळे वटारून पाहताय?" साहेबांनी पेन उचललं. मी घाईनं म्हटलं, "साहेब, ते हो म्हणून राहिले." मग पाच मिनिटं भुवयांचं स्पष्टीकरण देण्यात गेली. साहेबांनी शेवटी स्वतःच्या भुवया एकदा वर करून पाहिल्या आणि म्हणाले, "ठीक. पण पुरावा? त्या काळात हे इथे होते, हे कोण सांगेल?"

"ज्यांच्या लग्नात वाजवलं ते सांगतील," शेवंताबाई म्हणाली.

पुढच्या सोमवारी कचेरीच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. वस्तीतली म्हातारी जोडपी नवी लुगडी, धुतलेली धोतरं घालून आली होती, काहींनी तर एकमेकांच्या शेजारी बसायला तीस वर्षांनी लाज धरली होती. शिपायाला वाटलं सामुदायिक विवाह आहे. साहेब एकेकाला आत बोलावत होते.

"लग्न कोणत्या साली?"

"शेहेचाळीस," म्हातारा म्हणायचा.

"सत्तेचाळीस," म्हातारी म्हणायची. "तुमाले काय आठवते? तुमी तं मंडपात झोपले होते."

असं दुपारपर्यंत चाललं. साहेबांच्या नाकी नऊ आले. कोणाचं लग्न सेहेचाळीसचं, कोणाचं एकोणपन्नासचं, सगळी पंचेचाळीसच्या नंतरची. एका गणवीरकाकूनं फोटो आणला होता. त्यात नवरदेवाच्या खांद्यामागे अण्णांचा फुगलेला गाल स्पष्ट दिसत होता, पण मागे तारीख नव्हती. अण्णांचा चेहरा उतरत चालला. तेवढ्यात दारात डोमाजी उभे राहिले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेली लग्नपत्रिका. चव्वेचाळीस सालची, छापलेली, खाली ओळ: बँडमास्तर अण्णा.

साहेबांनी पत्रिका उजेडात धरून पाहिली. "हे लग्न यांनी वाजवलं?"

"वाजवलं," डोमाजी म्हणाले. "पण बेसूर वाजवलं. मी नवरदेव, घोड्यावर होतो. वरून साफ ऐकू आलं."

अण्णा खुर्चीवरून उठले. मी त्यांना त्याआधी कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. "खोटं आहे. मी आयुष्यात बेसूर वाजवलं नाही. मी त्या लग्नात नव्हतोच."

साहेबांचं पेन थांबलं. "अर्जदार स्वतः म्हणतो की तो नव्हता," ते हळूच म्हणाले. "मग ही पत्रिका मी कशी धरू?"

मी टेबलाखाली अण्णांच्या बुटावर पाय दिला. बूट हलला नाही. डोमाजी दारातून पुढे आले. त्यांना अण्णांना हरवायचं होतं, देशाबाहेर घालवायचं नव्हतं. ते म्हणाले, "साहेब, मी... थोडासाच बेसूर होता. लिवू नका पाहिजे तं."

"मला खरं तेच लिहावं लागेल," साहेब म्हणाले. "हे होते की नव्हते?"

शेवंताबाई आपल्या जागेवरून उठली नाही. पदर नीट केला आणि म्हणाली, "मास्तर, तुमाले जायचं आहे का कुठं?"

अण्णा तिच्याकडे पाहत राहिले. एका बाजूला त्यांचा सूर होता आणि दुसऱ्या बाजूला ती. मग ते बसले. साहेबांकडे नाही, टेबलावरच्या पत्रिकेकडे पाहून बोलले.

"होतो. वाजवलं. बेसूर गेलं." पत्रिका जवळ ओढली. "वरात मंडपाशी आली. नवरीकडच्या बाया हंडे घेऊन समोर उभ्या. त्यात ही होती. मी हिले त्याच्या आधी पाहिलं नव्हतं. श्वास घ्यायचा विसरलो. सूर घसरला."

शेवंताबाईनं पदर पुन्हा नीट केला. मग म्हणाली, "अन् मी समजत होती का तुमचा बाजाच खराब होता."

देशकर साहेबांनी चष्मा पुसला. मग त्यांनी लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता वाचून दाखवलं, जसं कचेरीत दाखवतात: साक्षीदाराने अर्जदाराची उपस्थिती शपथेवर सांगितली, अर्जदाराने सदर विवाहात बेसूर वाजवल्याचे मान्य केले, सबब उपस्थिती सिद्ध. शिक्का मारताना म्हणाले, "यांना आम्ही नागरिकत्व देत नाही आहोत, हे लक्षात घ्या. ते यांच्याजवळ पंचवीस वर्षांपासून आहे. आम्ही फक्त परदेशी लोकांच्या नोंदवहीतून यांचं नाव काढतो आहोत."

बाहेर आल्यावर डोमाजींनी सगळ्यांना पेढे वाटले. लोकांना वाटलं नागरिकत्वाचे. डोमाजी प्रत्येकाला सांगत होते, "नाही गा, कबूल केल्याचे." मग त्यांनी एक पेढा अण्णांच्या तोंडात कोंबला, आणि तीस वर्षांनी पहिल्यांदा तिसऱ्या माणसाशिवाय बोलले. काय बोलले ते गर्दीत ऐकू आलं नाही. मला रडू येत होतं, ते मी लपवलंही नाही. सात वर्षं मी त्या माणसाचं नाव टाईप करत होते आणि प्रत्येक वेळी खाली 'परदेशी' लिहीत होते.

पुढच्या निवडणुकीला मतदारयादीत त्यांचं नाव आलं. मतदान आठला सुरू होणार, अण्णा सहाला शाळेच्या फाटकाशी. बँडचा लाल कोट, पितळी बटणं घासून लखलखीत. त्यांनी आयुष्यात कुठेच मत दिलं नव्हतं. जन्मले तिथे नाही, राबले तिथे नाही, आणि इथे सत्तरी गाठायला आली तरी नाही. वस्तीतल्या लोकांनी त्यांना रांगेत पुढे जा म्हटलं तर तयार होईनात. रांगेत उभं राहायलाच आलो आहे, म्हणाले. आत गेले, बोटाला शाई लावून घेतली, पडद्यामागे गेले, आणि बाहेर यायचं नाव नाही. मतदान अधिकाऱ्यानं दोनदा हाक मारली.

बाहेर आले ते छाती फुगवून. मी रांगेतच होते.

"एवढा वेळ काय करत होता अण्णा?"

"सही करत होतो."

"कशावर?"

"मतावर. शिक्का मारला, अन् खाली सही केली, पूर्ण नाव, आडनावासगट. पेन घरूनच आणला होता. बिगर सहीचा कागद कचेरी वापस पाठवते, तुले तं माहीत आहे."

माझा चेहरा पडला असणार. मी लपवायला पाहिजे होतं, पण माझ्या तोंडून निघून गेलं, की अण्णा, मतपत्रिकेवर नाव लिहिलं की ते मत बाद होतं. रांगेतली माणसं माझ्याकडे अशी पाहायला लागली की जीभ चावली. सत्तर वर्षं थांबलेल्या माणसाला मी फाटकातच हे सांगायचं होतं? अण्णांनी शाईच्या बोटानं कपाळ खाजवलं.

"बाद झालेले मतं फेकून देते का?"

"नाही. वेगळे मोजतात. किती बाद झाले ते जाहीर करतात."

"मोजते?"

"हो."

त्यांनी भुवया वर केल्या आणि निघून गेले. मला दिवसभर जेवण गोड लागलं नाही.

मिस्टरांची भिलाईला बदली झाली होती, मतमोजणी झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी निघायचं होतं. मिस्टरांनी सामान रिक्षात चढवलं आणि आम्ही बाजारातून स्टेशनकडे निघालो. न्हाव्याच्या दुकानासमोर रिक्षा अडकली. आत अण्णा खुर्चीवर बसले होते, गळ्याला पांढरं फडकं, अर्ध्या गालावर साबण, अर्धा गाल कोरा. वस्तरा हातात घेऊन न्हावी ताटकळत उभा, कारण अण्णांनी दोन्ही हातांत वर्तमानपत्र धरलं होतं आणि बाकावरच्या सगळ्या माणसांना ते एका ठिकाणी दाखवत होते. जिंकलेल्या उमेदवाराचं नाव वर मोठ्या टाईपात होतं. त्यांचं बोट त्याच्या बऱ्याच खाली होतं, जिथं बाद मतांचा आकडा छापतात तिथं.

"पाह," ते न्हाव्याला सांगत होते, "यातलं एक माहं आहे."